न नेलेलं रुखवत

डबे दुपारी वाजायला लागले, तेव्हा शालनने ते कुणालाच सांगितलं नाही.

सांगण्यासारखं काही नव्हतंही. डोंबिवली पूर्वेच्या त्या जुन्या चार मजली इमारतीत तावड्यांचं घर सगळ्यात वर, आणि घरातली शालनची कामाची खोली बरोबर गच्चीच्या खाली. उन्हाळ्यात जेवणं उरकली की घर आडवं व्हायचं. तिचे यजमान रवींद्र छातीवर पेपर ठेवून घोरायला लागायचे, आणि मग त्या खोलीतून आवाज यायचा. टक्. कुणी नखाने झाकणावर टिचकी मारावी तसा. मग बराच वेळ काही नाही. आपण विसरलो की पुन्हा टक्.

ती उठून बघायला जायची. भिंतभर रॅक, रॅकवर छतापर्यंत डबे. एकही हललेला नसायचा.

प्लास्टिक जुनं झालंय, उन्हाने तडकतंय, एवढं कळण्याइतकी शालन शहाणी होती. पण आवाज यायचा तो दुपारचाच. आणि अमृताही दुपारचीच यायची. शालनच्या मनात जे बसायचं ते बसलं, आणि ते काही उठेना.

शालन रुखवत करायची. लग्नाच्या हॉलमध्ये मुलीकडचे टेबलावर जो देखावा मांडतात, तो. सुपारीच्या बाहुल्या, नवरा-नवरी, वरात, सप्तपदी, नारळाला नाकडोळे काढून नथ घातलेली विहीणबाई. लग्न करून मालवणहून आली तेव्हा शेजारच्या मुलीसाठी हौस म्हणून एक सप्तपदी केली होती, ती बघून दुसरीने मागितली, मग तिसरीने. बघता बघता ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत लोक ‘तावडेबाईंचं रुखवत’ म्हणून ओळखायला लागले. तिची खासियत म्हणजे सुपारीवरचे चेहरे. शेंगदाण्याएवढ्या जागेत ती असे डोळे काढायची, की बघणाऱ्याला वाटावं बाहुली आत्ता लाजून मान खाली घालेल.

मणी, टिकल्या, लेस, जरीचे काठ, कापडाचे तुकडे, अर्धवट बाहुल्या असं सगळं डब्यांत असायचं. कुठल्याशा प्रदर्शनातून एकदमच घेतलेले ते प्लास्टिकचे डबे. तेव्हा काचेसारखे लख्ख होते, बाहेरून आतला मणीन्‌मणी दिसायचा. आता ते पिवळे पडले होते. हात लावला की बोटांना पांढरी भुकटी लागायची. बाजूच्या क्लिपा एकेक करून तुटल्या होत्या आणि शालनने झाकणं नाडीने बांधून ठेवली होती.

तिची सून रुचिता नोकरी सांभाळून हे काम शिकत होती. एका रविवारी तिने मण्यांचा डबा वरून काढायला घेतला, आणि डबा तिच्या हातातच फुटला. फुटला म्हणजे काय, बिस्किटासारखा चुरला. मणी खोलीभर, आणि तुकड्याची धार तिच्या अंगठ्यात. रक्त थांबेपर्यंत तिने अंगठा दाबून धरला. मग म्हणाली, “आई, हे सगळे डबे काढूया आता. एकपण ठेवायचा नाही. मी पत्र्याच्या पेट्या आणते.”

“बघू गं. चाललंय तोवर चालू दे.”

“चाललंय कुठे? आणि तो वास? तुम्हाला येत नाही का?”

यायचा. जुन्या रेनकोटला येतो तसा, किंचित आंबूस. शालनला तो रॅकच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातून येतोय हेही माहीत होतं. तिथे भिंतीला टेकून एक निळ्या झाकणाचा मोठा डबा होता. त्याच्यासमोर तिने कायम दुसरं काहीतरी ठेवलेलं असायचं. कधी शिवणयंत्राचं कव्हर, कधी पुठ्ठे. तो डबा तिने सतरा-अठरा वर्षांत उघडला नव्हता.

त्यात अमृता शेलारचं रुखवत होतं.

अमृता कल्याणच्या पलीकडच्या मोहन्याची. वडील महिपत तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते, आई घरीच. अमृता कल्याणला एका बालवाडीत शिकवायची. सकाळची शाळा सुटली की दुपारी डोंबिवलीला यायची. लग्न ठरलं होतं आणि तिला रुखवत विकत नको होतं. “काकू, तुम्ही फक्त सांगा, करणार मी,” असं पहिल्याच दिवशी म्हणाली. उंच, सावळी, हसताना एक भुवई दुसरीपेक्षा वर जायची आणि हनुवटीला खळी पडायची. लहान मुलांशी बोलायची सवय असल्यामुळे बाहुल्यांशीही बोलायची. “सरळ बस बघू. हलू नकोस.” शालनला मुलगी नव्हती. त्या उन्हाळ्यात ती दुपारी झोपायची विसरली.

सप्तपदी, वरात हे सगळं झाल्यावर अमृताने एक वेगळीच टूम काढली. तिला आपलं घर करायचं होतं. चाळीतली खोली, दारात तुळस, पोळ्या लाटणारी आई, सायकल घेऊन कामावरून येणारे वडील, शेजारपाजार, आणि उंबऱ्यात उभी ती स्वतः. “सासरचे लोक बघतील ना, मी कुठून आलेय ते.” माणसांसाठी तिने ठाण्याच्या बाजारातून मऊ प्लास्टिकची तयार डोकी आणली, सुपारीपेक्षा ती खरी वाटतात म्हणून. फक्त आईसाठी तिला ती चालेनात. आईचं तोंड शालनने सुपारीवर काढावं असा हट्ट धरला, आणि आईच्याच जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा आणून तिला नेसवला. स्वतःची बाहुलीही सुपारीचीच केली. तिचा चेहरा तेवढा राहिला होता. “तो सगळ्यात शेवटी, काकू. पुढच्या वेळी माझ्याकडे नीट बघून काढा.”

पुढची वेळ आली नाही. लग्न तोंडावर आलेलं असताना तिला ताप आला, तो डोक्यात गेला, आणि आठवड्याच्या आत अमृता गेली.

शालन मोहन्याला भेटायला गेली होती. आई आत पडून होती, बोलण्याच्या पलीकडे. महिपत बाहेर आले, चाळीच्या टोकापर्यंत तिच्यासोबत चालले आणि म्हणाले, “ते सामान घरात नका आणू, बाई. हिच्या नजरेला नको. तुमच्याकडेच राहू दे.”

म्हणून ते राहिलं. त्यातली सप्तपदी दुसऱ्या कुणाला देता आली असती, वरातीतले बँडवालेही. पण शालनने एक टाचणीसुद्धा काढली नाही. आणि टाकायला तर हातच धजला नाही.

डबे बदलायचे म्हटल्यावर हा डबा मधे येणारच होता. रुचिताने सुट्टी काढली, पत्र्याच्या पेट्या आल्या, काचेच्या बरण्या आल्या. सासू-सुनेने जमिनीवर जुनी चादर अंथरली आणि वरून सुरुवात केली. काम सोपं नव्हतं. प्लास्टिकच्या पिशव्यांचे कपटे होऊन ते जरीला चिकटले होते. रबरबँड वितळून टिकल्यांच्या पाकिटांवर डांबरासारखे बसले होते. काही मण्यांचा रंग उतरून डब्याच्या तळाला लाल वर्तुळं उमटली होती. जे वाचवता आलं ते त्यांनी साबणाच्या पाण्यातून काढलं, पुसलं, सावलीत वाळत घातलं. मोडके डबे दाराबाहेर गोणीत भरले. पायाखाली तुकडे करकरत होते आणि तो आंबूस वास आता घरभर झाला होता.

संध्याकाळ व्हायच्या आत खालचा कप्पा आला. रुचिताने पुठ्ठे बाजूला केले.

“हा कसला?”

शालनने तिला सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. रुचिताने झाकणावरची धूळ हाताने पुसली. मग हळूच म्हणाली, “उघडावा तर लागेल, आई.”

झाकण निघेना. ते काठाला असं चिकटलं होतं की जणू आतून कुणी ओढून बसलंय. शेवटी शालनने सुरीचं टोक घालून फिरवलं. झाकण तडकलं. टक्. तोच आवाज.

आत सगळे घामेजले होते.

तयार डोक्यांचं ते मऊ प्लास्टिक इतक्या वर्षांत पाझरलं होतं. प्रत्येक चेहऱ्यावर चिकट थेंब, कपाळावर, गालावर, नाकाच्या शेंड्यावर. रंग त्यात विरघळून खाली ओघळला होता. महिपतांचे डोळे गालांवर आले होते. शेजारणींची तोंडं एकमेकींना चिकटली होती. एक शेजारी डब्याच्या भिंतीला गाल लावून होता, तो सोडवायला गेलं तर अर्धा चेहरा तिथेच राहिला. रुचिताने हात मागे घेतला.

आई मात्र कोरडी होती. सुपारीचं तोंड, हिरवं लुगडं, हातात काडीचं लाटणं. थोडी धूळ, बाकी जशीच्या तशी. आणि उंबऱ्यात ती दुसरी. लाल साडी, हिरवा चुडा, अंबाड्यावर कागदी फुलांचा गजरा, आणि गजऱ्याखाली नुसती गुळगुळीत तपकिरी सुपारी.

“हिचं तोंड कुठे गेलं?” रुचिताने विचारलं.

“काढलंच नव्हतं,” शालन म्हणाली.

त्या रात्री तिने रवींद्रना सांगून टाकलं, की मी उद्या मोहन्याला जाणार. त्यांनी विचारलं, ती माणसं आहेत का अजून तिथे? शालनला ते माहीत नव्हतं.

शहाडला उतरून तिने शेअर रिक्षा घेतली. मोहनं बरंच बदललं होतं, कारखाना केव्हाच बंद झाला होता, पण चाळ होती. नळावरच्या बाईने खोली दाखवली. महिपत जाऊन काही वर्षं झाली होती. अमृताची आई, जाईबाई, एकट्याच राहत होत्या. दारात लसूण सोलत बसल्या होत्या. शालनला बघून त्या उठल्या नाहीत, पण ओळखलं लगेच.

“या, तावडेबाई,” त्या म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं, राग नाही, माया नाही. “लई उशीर केला.”

शालन समोरच्या पाटावर बसली. जाईबाईंनी शेजारच्या कळशीतलं पाणी दिलं, ती प्यायली. “ताई, अमृताचं सामान होतं माझ्याकडे.”

“होतं की. इकलं तुम्ही.”

“नाही ताई.”

“मी काय म्हणत नाही तुम्हाला. तुमचा धंदा हाय. पण नाही म्हणू नका.” जाईबाईंनी सुपातली सालं झटकली. “मी बघितलीय तिला. शहाडच्या हॉलमध्ये बघितली, आमच्या भाचीच्या लग्नाला. मग टिटवाळ्याला बघितली, गणपतीच्या देवळाजवळ लग्न होतं तिथं. कल्याणला तर किती वेळा. रुखवताच्या टेबलावर नवरी बनून बसलेली. ती भुवई, ती हनुवटी. मला माझी पोर ओळखू येत नाही होय? तुम्ही तिचा डबा फोडला आणि एकेक बाहुली एकेकीला दिली. मी कुणाला बोलले नाही. पण तवापासून कुठलं लग्न चुकवलं नाही. ओळखीचं असू दे, नसू दे. जाऊन टेबलापाशी उभी राहते. असली तर असते.”

शालनने पाण्याचा पेला खाली ठेवला.

तिला रुचिताचं बोलणं आठवलं, गेल्याच महिन्यातलं. “आई, तुमच्या सगळ्या नवऱ्या सख्ख्या बहिणी वाटतात हं.” त्याआधी कुणा गिऱ्हाइकाने म्हटलं होतं, ही बाहुली कुणावर काढलीय? शालन हसून सोडून द्यायची. आपलं अक्षर आपल्याला कुठे दिसतं. ती नवऱ्या करायची, बारीक कुंचला घ्यायची, आणि हात आपोआप जायचा तिकडेच जात होता. एक भुवई वर. हनुवटीला टिंब. पुढच्या वेळी माझ्याकडे नीट बघून काढा, असं सांगून गेलेल्या मुलीला ती इतकी वर्षं काढत बसली होती, आणि घराघरांत पाठवत होती.

“ताई,” ती म्हणाली, “तिच्या हातचं सगळं माझ्याकडेच आहे. मी काही विकलं नाही. मालक म्हणाले होते, घरी आणू नका, तुमच्या नजरेला नको. म्हणून ठेवलं. तुम्ही बघितल्या त्या मी केलेल्या. पण तोंड तिचं आलं. मला कळलंच नाही.”

जाईबाईंच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. “मालक असं बोलले?”

“हो.”

“मला काय सांगितलं न्हाई त्यांनी.” त्यांनी वळून आतल्या भिंतीकडे बघितलं. भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता, त्याला हार होता. मुलीचा फोटो नव्हता. “तिचं घरात काय ठेवलं न्हाई त्यांनी. कपडे, पुस्तकं, सगळं दिऊन टाकलं. मी रडीन म्हणून. माणूस मायेचाच होता. पण मला वाटायचं, पोर या घरात होती तरी का?”

मग त्यांनी लसणाचं सूप आत नेऊन ठेवलं, पदर नीट केला आणि चपला पायात घातल्या. “चला,” म्हणाल्या.

परतीच्या वाटेत जाईबाईंनी एकदाच विचारलं, ती तुमच्याकडे जेवायची का? शालन म्हणाली, जेवायची, घावणे आवडायचे. “घरी कुठं काय सांगायची,” एवढंच जाईबाई म्हणाल्या.

रुचिताने तोवर सगळं चादरीवर मांडून ठेवलं होतं. घामेजलेल्या तोंडांना तिने पावडर लावून बघितली होती, पण त्याने ती आणखीच पांढरी, आजारी दिसत होती. शालनने ती झाकायला फडकं उचललं. जाईबाईंनी तिचा हात धरला. “राहू द्या. बघू द्या मला.”

त्या खाली बसल्या. महिपतांची बाहुली उचलली. तिचे ओघळलेले डोळे पदराच्या टोकाने पुसायला गेल्या तर होतं तेही निघून आलं. त्यांनी ती मांडीत ठेवली. मग आईची बाहुली घेतली आणि लुगड्याचा काठ बोटांत धरून चुरगाळला, सोडला, पुन्हा धरला. “माझं हाय हे. कुठं गेलं म्हणून किती शोधलं होतं.”

उंबऱ्यातल्या बाहुलीपाशी त्या थांबल्या. उलटी केली, सुलटी केली.

शालनचा कुंचला हाताशी होता, रंगही होते. “म्हणाल तर आत्ता काढते,” ती म्हणाली. “आता चुकणार नाही.”

रुचिता सासूकडे बघत होती. खोली तापलेली होती. रिकाम्या रॅकवर डब्यांच्या जागी चौकोनी, धूळ न बसलेले डाग होते.

“नको,” जाईबाई म्हणाल्या. “हिला अशीच राहू द्या. ही गेलेली हाय. तोंड काढलं की माझ्याकडं बघत बसेल.” त्यांनी तिघांना, नवरा, आपण आणि ती कोरी पोर, पदरात घेतलं. “बाकीच्या नवऱ्या मात्र करत राहा तुम्ही. तसंच तोंड करा. बदलू नका.”

“तुम्हाला त्रास नाही होणार?”

“होतो की. पण कुठंतरी दिसते.”

शालनने बाकीचं रुखवत पत्र्याच्या पेटीत भरलं. चिकट झालेली डोकी मात्र ठेवता आली नाहीत. ती दुसऱ्या कशालाही लागली तर तेही खराब झालं असतं. रुचिताने ती कापडात गुंडाळली आणि दोघींनी मिळून इमारतीमागच्या आंब्याच्या आळ्यात पुरली. प्लास्टिक मातीत जिरत नाही हे दोघींनाही माहीत होतं, पण कचऱ्याच्या गाडीत टाकायला धीर झाला नाही.

त्यानंतर खोलीतला आवाज गेला. पत्र्याच्या पेट्या वाजत नाहीत. दुपारी शालन आडवी व्हायची आणि कान उगाच तिकडे लागायचे. मग उठून कामाला बसायची. आता नवरीचा चेहरा काढताना ती जाणून काढत होती, आणि सुरुवातीला हात आपोआप जाईना. एक दोन बाहुल्या बिघडल्या. नंतर तिने ठरवून लक्ष दुसरीकडे ठेवायला सुरुवात केली, रुचिताशी काहीबाही बोलत राहायची, तेव्हा कुठे ती भुवई पुन्हा जागेवर यायला लागली.

एखादं रुखवत गेलं की शालन मोहन्याला फोन करायची. हॉलचं नाव, स्टेशन, मुहूर्त. पलीकडून फक्त “बरं” यायचं. जाईबाई जायच्या की नाही हे तिने कधी विचारलं नाही.

तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त होता. टिटवाळ्याला नव्या इमारतींच्या बाजूला एक हॉल झालाय, तिथलं रुखवत शालनने स्वतः नेऊन मांडलं. मुलीची आई ऐकेना, जेवूनच जा म्हणाली. अक्षता पडल्या, गर्दी जेवणाकडे वळली, तेव्हा शालनला टेबलापाशी जाईबाई दिसल्या. चांगली साडी, डोक्यावरून पदर, हातात चपलांची पिशवी. त्या नवरीच्या बाहुलीकडे वाकून बघत होत्या. ओठ हलत होते. शालन जवळ गेली नाही, खांबाशीच उभी राहिली.

मुलाकडचा एक गृहस्थ रुखवत बघायला आला. त्याने आदराने जागा केली आणि विचारलं, “आजी, तुम्ही कुणाकडच्या?”

जाईबाईंनी मान वर केली. बाहुलीच्या साडीची एक निरी सुटली होती, ती बोटाने आत सारली.

“मुलीकडची,” त्या म्हणाल्या.